बोरजाईच्या पठारावरचं शीड

मी आता जे सांगणार आहे ते कुणीही खरं मानणार नाही. मानू नका. न मानणाऱ्यांची रांग कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत लागेल, आणि त्या रांगेत सगळ्यात पुढं माझी बायको उभी असेल, जी स्वतः त्या जीपमध्ये बसली होती. तरीही सांगतो. कारण परवा आमचे नवे नातजावई अधिक महिन्याच्या जेवणाला आले ते ताटं वाढून निवल्यावर आले, आणि उंबऱ्यातच घाम पुसत म्हणाले, "सॉरी आजोबा, उशीर झाला. हायवेला फार ट्रॅफिक होतं."

"बसा जावईबापू," मी म्हणालो. "उशीर कशाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नाही. धोंडे खाता खाता ऐका."

शेजारच्या पाटावर माझा मेहुणा ज्योतिराम बसला होता. त्यानं पुरणाच्या धोंड्यावर तुपाची वाटी उपडी केली आणि माझ्या नातीकडं बघून म्हणाला, "झालं. सुटली जीप."

सुटलीच. आमची लेक मंदी, म्हणजे या जावईबापूंची सासू, स्वयंपाकघरातून हसली. ती त्या जीपमध्ये होती. धाकटा हिंदुरावही होता; तो आता पुण्यात मोठा साहेब आहे आणि हे सगळं नाकारतो.

तेव्हा माझी 'चांदणी टुरिंग टॉकीज' होती. एक तंबू, एक प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा आणि हे सगळं ओढणारी एक जीप, तिचं नाव रंभा. जिथं जत्रा तिथं आम्ही. बोरजाईवाडीच्या जत्रेत कौसल्या सिनेमा बघायला आली आणि पडद्याकडं पाठ करून मागं यंत्राकडं बघत बसली. यंत्राशेजारी मी उभा होतो. पुढच्या जत्रेला आमचं लग्न झालं.

तिचे वडील पिराजीआबा. उन्हात उभा केलेला वासा बघावा तसा माणूस. म्हैस विकायला काढली तर गिऱ्हाइकाला दूध सांगायच्या आधी तिची खोड सांगायचे. त्यांनी मला दारात उभं करून एवढंच म्हटलं, "अंधार करून त्यात खोटी माणसं नाचवायची, त्यावर पोट भरायचं. अन् वर ह्या थापा. असला जावई मला नको." दार लागलं. दोन पोरं झाली तरी ते उघडलं नाही. पोरांनी आजोळ पाहिलं नव्हतं. कौसल्या कधी बोलायची नाही, पण कुठल्याही गावात तंबू लागला की आधी विचारायची, "इथनं बोरजाईवाडी कुठल्या अंगाला?" आणि त्या अंगाला तोंड करून चहा प्यायची.

अशात एका अधिक ज्येष्ठात हा ज्योतिराम आमच्या तंबूवर येऊन उभा राहिला. तेव्हा त्याला नुकत्या मिशा फुटल्या होत्या आणि त्या फुटल्याचा त्याला फार अभिमान होता.

"दाजी," तो म्हणाला, "आबांनी सांगावा धाडलाय. आईनं महिनाभर डोकं खाल्लं तवा कुठं तयार झाले. चतुर्दशीला या. वाण देतो म्हणालेत."

कौसल्या जागेवरच खाली बसली. अधिक महिन्यात सासऱ्यानं तांब्याच्या ताटात धोंड्यांचं वाण दिलं म्हणजे तो माणूस चारचौघांत जावई ठरला. मग दार कुणी लावू शकत नाही.

"पण एक हाय," ज्योतिराम म्हणाला. "आमच्या घरचा नेम हाय. वाण दिवसाउजेडी द्यायचं. घरात दिवा लागला की दिवस संपला. त्यानंतर आलात तर जेवून जा म्हणालेत. वाण न्हाई."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी अमावास्या. मग महिनाच सरला की. पुन्हा अधिक यायचा तीन वर्सांनी."

आता तुम्ही म्हणाल, मग त्या दिवशी सकाळीच जाऊन बसायचं. मीही तेच ठरवलं होतं. पण शेवटच्या जत्रेत वादळानं पडदा उभा फाटला होता. इतकं जाड कापड शिवणारा माणूस घाटावर मिळेना. कुणीतरी सांगितलं, हर्णैला शिडं शिवणारा इब्राहिमभाई आहे, त्याच्याकडं जा. पोरांना समुद्र दाखवायचं कबूल केलेलंच होतं. म्हटलं, चार दिवस कोकण हिंडू, पडदा शिवून घेऊ आणि परतीच्या शेवटच्या दिवशी परस्पर सासुरवाडीला जाऊ.

इब्राहिमभाईनं पडदा फार सुंदर शिवला. चारी कडांना दोर भरला, पितळी कड्या ठोकल्या.

"एवढ्या कड्या कशाला, चाचा?" मी म्हटलं. "भिंतीसारखा उभा राहणार आहे तो."

"मला शीडच शिवता येतं," तो म्हणाला. "भिंत शिवता येत नाही."

शेवटच्या दिवशी पहाटे निघायचं होतं. निघालो ऊन वर आल्यावर, कारण मी फणस शोधत होतो. पहिल्यांदा सासुरवाडीला जायचं आणि रिकाम्या हातानं? मी हिंदुरावाएवढा फणस घेतला. हिंदुराव तेव्हा पाच वर्षांचा आणि चांगला गुटगुटीत होता, त्यावरून अंदाज करा. आता जीपमध्ये पडदा, पडद्याचे बांबू, वळकट्या, पोरं. फणसाला जागा कुठली? मी सीटखालचा पेट्रोलचा जादा डबा काढला, इब्राहिमभाईच्या ओट्यावर ठेवला आणि त्या जागी फणस सरकवला.

"अहो, पेट्रोल..." कौसल्या म्हणाली.

"टाकी भरलीय. आणि आबांच्या हातात काय ठेवू? पेट्रोलचा डबा?"

टाकी भरलेली होती हे खरं. पण रंभा पेट्रोल पीत नसे, ढोसत असे. त्यात चिपळूण सोडून आम्ही घाटाच्या पायथ्याशी आलो आणि हिंदुरावानं जो गळा काढला तो समुद्रापर्यंत ऐकू गेला असेल.

"काय झालं रे?"

"माझा खेकडाऽ!"

त्यानं हर्णैच्या पुळणीवर पकडलेला खेकडा डालड्याच्या डब्यात घातला होता आणि तो डबा चिपळूणच्या चहाच्या दुकानात राहिला होता.

"दुसरा घेऊ," मी म्हटलं.

"त्यो आजीसाठी हाय!"

पोरानं न बघितलेल्या आजीसाठी आणलेला खेकडा. कौसल्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी रंभा वळवली. दुकानदारानं डबा बाकाखाली ठेवला होता आणि स्वतः बाकावर पाय वर घेऊन बसला होता.

त्यानंतर घाट. रंभा पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली, दर वळणाला पाणी प्यायली. मंदीनं खिडकीतून ओकून सगळा घाट पवित्र केला. घाट संपला, आम्ही बोरजाईच्या पठारावर आलो, समोर सरळ लाल रस्ता, दोन्ही बाजूंना वाळकं गवत, आणि ऊन पाठीकडं कललेलं. पठार ओलांडलं की उतार, आणि उताराच्या तळाशी बोरजाईवाडी.

"पोचलो," मी म्हटलं.

रंभा दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मी उतरलो. टाकीत काठी घातली. काठी घातली तशी कोरडी बाहेर आली. आजूबाजूला माणूस नाही, झोपडी नाही. कौसल्या खाली उतरली, सीटखाली वाकून बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घाला आता फणस टाकीत."

मी टाकीचं झाकण लावून टाकलं. नवरा म्हणून जगताना काही वेळा बोलायचंच नसतं.

मग ती मैलाच्या दगडावर बसली. रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. "आई सकाळधरनं दारात बसली असंल," ती म्हणाली. "आबांचं मन एकदाच वळलं. तीन वर्सांनी त्यांना पुन्हा कोण वळवणार? अन् तवर आई..." उठली, हिंदुरावाला कडेवर घेतला आणि चालायला लागली.

"कुठं चाललीस?"

"म्हायेरी."

चार पावलं गेली आणि वाऱ्यानं तिचा पदर असा काही उडाला की ती कडेवरच्या पोरासकट पुढं ढकलली गेली. पाऊस अजून यायचा होता, पण त्याचा वारा आधीच येऊन पठारावर मुक्कामाला बसला होता. पश्चिमेचा वारा, थेट समुद्रावरून घाट चढून आलेला, आणि तो जात होता अगदी आम्हाला जायचं तिकडंच.

मंदी जीपच्या टपावर चढून बसली होती. नऊ वर्षांची पोर. ती वरून ओरडली, "आण्णा! पडद्याला कड्या हायत!"

इथं जावईबापूंचा घास हातातच थांबला. "म्हणजे आजोबा, तुम्ही..."

"तेच," मी म्हटलं. "खा तुम्ही, तूप थिजेल."

दोन बांबू मी रंभाच्या पुढच्या अंगाला बांधले, त्यावर पडदा चढवला, खालच्या कड्यांतून दोर ओवले. एक दोर मंदीकडं, एक कौसल्येकडं. मी स्टिअरिंगवर. हिंदुराव बॉनेटवर खेकड्याचा डबा मांडीत घेऊन, कारण त्याला इब्राहिमभाईनं होडीत पुढं बसवलं होतं आणि आता तो दुसरीकडं बसायलाच तयार नव्हता. मी कौसल्येला समजावू लागलो, "दोर असा धर, वारा भरला की..."

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मोटंची बैलं हाकलीत मी. मला कासरा धरायला शिकवताय?"

मी गाडी न्यूट्रलला टाकली. क्षणभर काही झालं नाही. पडदा नुसता फडफडला. मग तो एकदम फुगला, बांबू कुरकुरले, आणि रंभा, जिनं उभ्या आयुष्यात कधी धक्क्याशिवाय पाऊल उचललं नव्हतं, ती आवाज न करता निघाली.

"चालली!" मंदी किंचाळली.

चालली कसली, उडाली. आधी आम्ही सायकलवाल्याच्या बरोबर होतो, मग घोड्याच्या, मग वेगाचा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन थडकला आणि गळून माझ्या मांडीवर पडला. पठारावर गाई चरत होत्या. त्यांना वाटलं, एवढा मोठा पांढरा बैल आपण जन्मात पाहिला नाही. सगळा कळप शेपट्या वर करून आमच्या मागं. गाईंच्या मागं गुराखी. गुराख्याच्या मागं त्याचं कुत्रं.

"किती गाई होत्या?" जावईबापूंनी विचारलं.

"जेवढ्या तुम्हाला पटतील तेवढ्या."

"गाई मानल्या," ज्योतिराम ताटातून डोकं वर न करता म्हणाला.

पुढं एसटी चालली होती. पाटणची गाडी, रिकामी, आपल्या मजेत. आम्ही तिच्या बरोबरीनं आलो तेव्हा कंडक्टरनं खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं. "ओ! ही कसली गाडी?"

"गाडी न्हाई!" बॉनेटवरून हिंदुराव ओरडला. "बोट हाय! बाजूला व्हा!"

आणि एसटी बाजूला झाली. सरकारी गाडी, बरं का. ड्रायव्हरनं आम्हाला हात केला आणि कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, ती आमच्यासाठी. पुढं वळण आलं. "डावा सोड! उजवा ओढ!" मी ओरडलो. कौसल्येनं पाय रोवून दोर ओढला, तिच्या बांगड्या फुटल्या, जीप एका अंगाच्या चाकांवर उभी राहिली, आणि त्या तसल्या अवस्थेत मी माझ्या बायकोकडं बघितलं. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, आणि ती हसत होती. लग्नानंतर इतकी वर्षं मी तिला सिनेमे दाखवले, पण असं हसताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. रंभा पुन्हा चारी चाकांवर आली.

आता पुढचं ऐका, कारण हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

पठाराच्या कडेला आलो तेव्हा सूर्य आमच्या अगदी पाठीशी होता. त्याचं ऊन मागून सरळ पडद्यावर. खाली बोरजाईवाडी. तिथं माणसं कामावरून परतलेली, अंगणात बसलेली, आणि त्यांनी वर बघितलं तर डोंगराच्या माथ्यावर भला मोठा पांढरा पडदा, आणि त्याच्यावर सावल्या. एक बाई दोर ओढतेय, एक पोरगी नाचतेय, मागं गाई पळतायत. बिनतंबूचा, बिनतिकिटाचा सिनेमा, भर उजेडात. आणि पिराजीआबा, ज्यांनी उभ्या जन्मात तंबूत पाऊल ठेवलं नव्हतं, ते अंगणात उभे राहून त्यांची स्वतःची लेक पडद्यावर बघत होते.

मंदी ताक घेऊन आली होती ती दारात थबकली. "आण्णा, हे नवीनच," ती म्हणाली.

"तू पडद्याच्या मागं होतीस. तुला कुठनं दिसणार?"

उतारावर मात्र माझी पाचावर धारण बसली. ब्रेक दाबला तर पाय फळीला टेकला. समोर गावची कौलं भराभरा मोठी व्हायला लागली. "कौसल्ये, सोड!" मी ओरडलो. तिनं दोर सोडला, पडदा बांबूंवरून उलटून मागं गेला आणि जीपच्या पाठीला छत्रीसारखा उघडला. वाऱ्यानं आम्हाला आणलं होतं, आता त्याच पडद्यानं आम्हाला मागं खेचलं. गल्लीतून गेलो, पाणवठ्यावरच्या बायांच्या घागरी चुकवल्या, सासऱ्यांच्या अंगणात शिरलो, आणि बॉनेट तुळशीपासून वीतभर अंतरावर थांबलं. हिंदुराव बॉनेटवरून घसरला तो नेमका सासूबाईंच्या पुढ्यात. त्यानं डबा पुढं केला. "आजी, खेकडा घे."

सासूबाईंनी खेकडाही घेतला आणि पोरगाही घेतला. मंदी त्यांच्या कमरेला बिलगली. कौसल्या मात्र जीपमध्येच उभी राहिली. तिचं खाली उतरायचं धाडस होईना. ती दारातल्या आबांकडं बघत होती.

आबा पुढं आले. मी घामानं आणि फणसाच्या वासानं न्हालेला. त्यांनी रंभाकडं बघितलं, बांबूंकडं बघितलं, मागं धुळीत पसरलेल्या पडद्याकडं बघितलं.

"पेट्रोल?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"मग आलात कसे?"

"वाऱ्यावर," मी म्हटलं.

म्हैस विकताना खोड सांगणारा तो माणूस. मला वाटलं, झालं, ही थाप म्हणून आता दार लागणार. पण ते कौसल्येकडं वळले आणि म्हणाले, "खाली उतर की गं. दिवस हाय अजून."

मग काय विचारता! तिथंच, अंगणात, पाट मांडला. आळीतली माणसं गोळा झाली. आबांनी स्वतःच्या हातानं माझ्या कपाळाला गंध लावलं, तांब्याचं ताट धोंड्यांनी शिगोशीग भरलेलं, ते दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या, जावई." कौसल्येनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवून जो हंबरडा फोडला, त्यानं पठारावरच्या गाई पुन्हा उधळल्या. आणि मी ताट हातात घेऊन मान वळवून बघितलं, तर जावईबापू, डोंगराच्या माथ्यावर सूर्य अजून चांगला हातभर शिल्लक होता! त्यालाच साक्षी ठेवून मी...

"थांबा," ज्योतिराम म्हणाला.

त्यानं ताटात हात धुतला, पंचाला पुसला आणि माझ्याकडं वळून बसला. इतकी वर्षं तो ही गोष्ट ऐकत आला होता, पण मध्येच कधी हात धुतला नव्हता.

"दाजी, शीड मानलं. गाई मानल्या. एष्टी मागं पडली, त्ये बी मानलं. पर हे खोटं हाय. साफ खोटं! सूर्य कुठला? सूर्य कवाच बुडाला व्हता. तुम्ही आलात तवा मला तुमचं तोंड दिसंना, आवाजावरनं ओळखलं मी. गावात घरोघरी दिवे लागले व्हते. अंधारात हुतं ते फकस्त आमचं घर."

मंदीच्या हातातलं ताकाचं भांडं तसंच राहिलं.

"आई काडेपेटी हुडकत व्हती. देवळीत न्हाई, चुलीपाशी न्हाई, कुठंच न्हाई. शेवटी म्हणाली, चुलीतनं काटकी पेटवून आणते. तर आबा वराडले, अधिक महिन्यात चुलीच्या इस्तवानं देवाचा दिवा लावत न्हाईत. असला नेम कुणी ऐकलाय? आईनं न्हाई, मी न्हाई, गावच्या गुरवानं बी न्हाई. अन् काडेपेटी त्यांच्याच मुठीत व्हती. मी बघितली. तुमच्या पोरांचा कालवा उतारावर ऐकू आला, तवा त्यांनी ती बंडीच्या खिशात सारली आन् दारात येऊन तुम्हास्नी म्हणाले, दिवस हाय अजून. जन्मात एकदाच खोटं बोलला माझा बाप, दाजी. अन् तेबी तुमच्यासारख्या थापाड्याला घरात घ्यायला."